थंडीची लाट नसतानाची थंडी

डिसेंबर आणि जानेवारी महिन्यांचे हजेरीपत्रक एकदा मुद्दाम काढून पाहावे. सर्दी-खोकल्याने एखाददुसरा दिवस चुकलेली मुले त्यात पुष्कळ सापडतील. पण एखादे मूल असे असते, की ज्याची गैरहजेरी दरवर्षी याच दिवसांत वाढते. एरवी ते नियमित येते, दिवाळीनंतर गळू लागते आणि होळीच्या सुमाराला पुन्हा नियमित होते. पालकांना विचारले तर उत्तर मिळते, ‘‘त्याला थंडी सोसत नाही, गुरुजी.’’

हे उत्तर आपण बहुधा ऐकून सोडून देतो. या लेखात ते जरा गंभीरपणे घेऊ या. थंडी न सोसणे म्हणजे शरीरात नेमके काय होते? अशा माणसाला सरकारकडून काही मदत मिळते का? मिळत असेल तर ती कोणत्या नावाने मिळते?

उदाहरणासाठी परंदवडी हे गाव घेऊ. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातले, तळेगाव-सोमाटण्याच्या बाजूचे हे गाव. काश्मीर किंवा हिमाचलाप्रमाणे इथे बर्फ पडत नाही. वर्षातले आठ-नऊ महिने थंडीचा कोणाला विचारही करावा लागत नाही. म्हणूनच ते उदाहरण म्हणून उपयोगी आहे, कारण महाराष्ट्रातली बहुतेक गावे अशीच आहेत.

शरीर थंडीला कसे उत्तर देते?

आपल्या शरीराचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असते आणि ते तसेच राखण्याची शरीराची धडपड चालू असते. हवा गार झाली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे उष्ण रक्त पृष्ठभागाकडे कमी जाते आणि उष्णता बाहेर कमी पडते. हात-पाय गार पडतात ते यामुळेच. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही. पण ज्याचे एखादे यंत्र आधीच नादुरुस्त आहे, त्याला हाच उपाय जड जातो.

पहिले उदाहरण हृदयाचे. वाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो. हृदयाला तेच रक्त अधिक जोर लावून ढकलावे लागते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा जुना विकार असलेल्या आजी-आजोबांना पहाटेच्या थंडीत त्रास होतो, त्यामागे हे एक कारण आहे.

दुसरे उदाहरण श्वसनमार्गाचे. आपण घेतलेली हवा नाकात उबदार आणि दमट होते व मग फुप्फुसात जाते. थंड हवेत बाष्प कमी असते. मूल धावू लागले, तोंडाने श्वास घेऊ लागले, की ही गार, कोरडी हवा थेट आत शिरते. श्वासनलिकांचे अस्तर कोरडे पडते. दमा असलेल्या मुलात या नलिका आधीच संवेदनशील असतात. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, मार्ग अरुंद होतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांना होणारा श्वसनमार्गाचा जुनाट अडथळ्याचा आजार (डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात) थंडीत असाच उसळतो.

त्यात भर पडते धुराची. मावळातल्या खोऱ्यांत हिवाळ्यात संध्याकाळी एक दृश्य दिसते. चुलींचा धूर थोडा वर जातो आणि मग आडवा पसरून तिथेच थांबतो. एरवी जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ती वर जाते आणि धूर घेऊन जाते. निरभ्र, वाराहीन रात्री मात्र जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही. वर उबदार आणि खाली गार, अशी उलटी रचना होते. गार हवा जड असल्याने वर जात नाही. तिच्यातला धूर रात्रभर वस्तीतच राहतो. म्हणजे ज्या वेळी श्वासनलिका सर्वांत नाजूक असतात, नेमकी त्याच वेळी हवा सर्वांत वाईट असते.

तिसरे उदाहरण रक्ताचे, आणि ते सर्वांत कमी ओळखले जाणारे आहे. सिकलसेल हा आनुवंशिक आजार. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या आजारातल्या विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो १९५२ मध्ये आढळला. महाराष्ट्रात विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला त्याचे रुग्ण अधिक आहेत.

या आजारात हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात. मऊ, गोल तांबडी पेशी ताठ आणि वाकडी होते. थंडीत वाहिन्या आकसल्या की रक्ताचा वेग मंदावतो, पेशी कमी प्राणवायूच्या जागी अधिक वेळ रेंगाळतात, अधिक संख्येने वाकड्या होतात आणि बारीक वाहिनीत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हाडे, छाती, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. ‘नाटक करतो’ असा शेरा या मुलांना फार सहज मिळतो.

‘आमच्या मावळात हा आजार कुठला?’ असे कोणी म्हणेल. पण तळेगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे राज्याच्या सर्व भागांतून कुटुंबे इथे येतात. त्यांची मुले आपल्याच शाळांत बसतात. आनुवंशिक आजार तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही.

थंडी कोण मोजते आणि कशी?

आता सरकारकडे वळू. सरकारी भाषेत थंडीला एक व्याख्या आहे. भारतीय हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली यावे लागते, आणि शिवाय ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी असावे लागते. मग तिला ‘थंडीची लाट’ म्हणतात. किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेले, तर सरासरीशी तुलना न करताही लाट मानली जाते. थंडीची लाट आपत्ती मदत निधीच्या यादीत २०१२ मध्ये आली. म्हणजे लाट ठरली तर आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा हलू शकते.

पुण्याचे किमान तापमान जानेवारीत सरासरी ११ ते १२ अंशांच्या आसपास असते. १७ जानेवारी १९३५ रोजी ते १.७ अंशांपर्यंत उतरले होते, पण असे दिवस विरळाच. सोपा हिशेब करून पाहा. लाट ठरायची तर पारा साधारण ७ अंशांवर यायला हवा. ८ किंवा ९ अंशांच्या पहाटा मावळात पुष्कळ येतात. त्या पहाटे दमेकरी उठून बसलेला असतो, पण नोंदीप्रमाणे लाट नसते.

यात हवामान खात्याची चूक नाही. व्याख्या हवामानाची आहे, आजाराची नाही. शिवाय खात्याचा तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर किंवा थोडा अधिक उंच ठेवलेला असतो. ऊन आणि वारा त्याला थेट लागू नये, अशी सोय केलेली असते. देशभरातल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या तर हेच योग्य आहे.

पण माणूस त्या पेटीत झोपत नाही. पत्र्याचे छप्पर रात्री आकाशाकडे उष्णता फेकते आणि निरभ्र रात्री बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. श्वासातले बाष्प त्याला लागून थेंब पडतात, अंथरूण ओलसर होते. कुडाच्या भिंतीतून वारा येतो. जमिनीवर एकच गोधडी असेल तर अंगातली उष्णता वहनाने जमिनीत जाते. एकाच गावात एकाच रात्री स्लॅबच्या घरातली थंडी आणि पत्र्याच्या खोपटातली थंडी वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी मार्गदर्शन केले. समशीतोष्ण आणि थंड प्रदेशांत हिवाळ्यात घरात निदान १८ अंश तापमान असावे, असे त्यात म्हटले आहे. त्या आकड्याशी आपल्या पत्र्याच्या खोलीची पहाट ताडून पाहण्यासारखी आहे.

मध्यम थंडीचा मोठा वाटा

‘कडाक्याच्या थंडीत माणसे दगावतात, साध्या थंडीत काय होणार?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. आकडेवारी मात्र वेगळे सांगते. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतल्या सुमारे ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि ०.४२ टक्के मृत्यूंचा उष्णतेशी जोडता आला. टोकाच्या थंडीचा आणि टोकाच्या उष्णतेचा मिळून वाटा एक टक्क्यापेक्षाही कमी होता. बाकी सारा भार मध्यम प्रतीच्या तापमानाचा, आणि त्यातही मुख्यतः मध्यम थंडीचा.

या १३ देशांत भारत नव्हता. पण २०१८ मध्ये भारतातल्या मृत्यूंच्या एका मोठ्या पाहणीवरून असाच अभ्यास झाला. त्यातही मध्यम थंडीचा वाटा टोकाच्या थंडीपेक्षा मोठा निघाला. कारण समजण्यासारखे आहे. टोकाचे दिवस थोडे असतात, मध्यम थंडीचे दिवस पुष्कळ असतात, आणि त्या दिवसांत कोणी सावध नसतो.

ब्रिटनमधले दोन प्रयोग

थंडीसाठी थेट पैसे देणारे देशही आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये कमी उत्पन्नाच्या पात्र कुटुंबांसाठी एक योजना आहे. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात लागोपाठ सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली नोंदले गेले किंवा तसा अंदाज असला, की अशा प्रत्येक आठवड्यासाठी २५ पौंड खात्यात जमा होतात. इथेही दार तापमापकच उघडतो. सात दिवस सरासरी एक अंश राहिली तर काहीच मिळत नाही.

स्कॉटलंडने २०२२-२३ च्या हिवाळ्यापासून ही पद्धत सोडली. तिथे पात्र कुटुंबांना हिवाळ्यात एकदा ठरावीक रक्कम मिळते, मग थंडी कडक पडो वा न पडो. त्याआधी २०२० मध्ये तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या घरांसाठी तिथे वेगळी हिवाळी मदत सुरू झाली होती. पहिल्या पद्धतीत हवा पाहून मदत दिली जाते, दुसरीत माणूस पाहून. थंडीने बळावणाऱ्या आजारांबद्दल आपण जे पाहिले, त्यावरून दुसरी पद्धत शास्त्राला अधिक धरून आहे असे म्हणता येईल.

आपल्याकडची चार दारे

महाराष्ट्रात ‘थंडी सोसत नाही’ या कारणासाठी योजना नाही. तहसील कार्यालयात त्या नावाचा अर्ज मागितला तर मिळणार नाही. पण उपचार, इंधन, घर आणि अपंगत्व या चार वेगळ्या दारांनी मदत मिळू शकते. अडचण अशी, की गरजू माणसाला आपली अडचण त्या दाराच्या भाषेत सांगावी लागते. इथेच शिक्षकाचा उपयोग होतो.

पहिले दार उपचाराचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दमा आणि सीओपीडी यांचाही समावेश आहे. श्वासावाटे घ्यायचे औषध केंद्रात शिल्लक आहे का, हे मात्र थंडी सुरू होण्याआधीच विचारून ठेवावे. आजार बळावून रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. तिच्यात यादीतले उपचार यादीतल्या रुग्णालयांत विनामूल्य होतात. शिधापत्रिका आणि आधारपत्र लागते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की ही योजना दाखल रुग्णासाठी आहे. महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या औषधाचा खर्च तिच्यातून निघत नाही.

मुलांसाठी याच दाराला एक खिडकी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. त्यातले वैद्यकीय पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. श्वासनलिका आवळण्याचा विकार आणि संधिवातातून होणारा हृदयविकार हे दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक उन्हाळ्यात आले, तर दम्याच्या मुलाची छाती त्या दिवशी स्वच्छ असू शकते. ‘हा हिवाळ्यात इतके दिवस गैरहजर असतो,’ हे वाक्य तेव्हा शिक्षकानेच बोलायला हवे.

दुसरे दार इंधनाचे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. गरीब कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देणारी ही योजना कागदावर इंधनाची असली, तरी परिणामाने ती फुप्फुसाची योजना आहे. जोडणी मिळाली तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून चुलीवरच तापते. निदान ती चूल मोकळ्या जागी असावी आणि दमेकऱ्याचे अंथरूण तिच्यापासून दूर असावे, एवढे सांगता येते.

तिसरे दार घराचे. २०१६ पासून ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेतून पक्क्या घरासाठी अनुदान मिळते. मावळात कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. केंद्र सरकार कातकरी समाजाला विशेष दुर्बल आदिवासी गट मानते. अशा गटांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन ही मोहीम सुरू झाली आणि तिच्यात पक्के घर हा मुख्य भाग आहे. कातकरी कुटुंबे ऐन हिवाळ्यात वीटभट्टीवर कामाला जातात आणि यादीसाठी पाहणी करणारा माणूस आला की झोपडी बंद दिसते. कुटुंब कुठे गेले आहे, हे शाळेला बहुधा माहीत असते.

चौथे दार अपंगत्वाचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे विकार आले. निदान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला, तर अनेक सवलती लागू होतात. पुणे जिल्ह्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून रुग्णालय इथे असे दाखले मिळतात. सिकलसेलच्या रुग्णांना एसटीच्या साध्या गाडीतून प्रवासाची सवलतही राज्याने दिली आहे. दाखल्यासाठी जुने कागद लागतात, म्हणून रुग्णालयाचा प्रत्येक कागद जपून ठेवायला पालकांना सांगावे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेलग्रस्त आदिवासी भागांतल्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट.

दमा आणि सीओपीडी त्या २१ प्रकारांत नाहीत. एखाद्याला दुर्धर आजाराने कामच करता येत नसेल आणि उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी वडगावच्या तहसील कार्यालयात करावी. रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून ताजी माहिती तिथेच घ्यावी.

ही चार दारे एकत्र पाहिली, की मधली फटही दिसते. फार आजारी पडला तर रुग्णालय आहे, लाट आली तर आपत्ती व्यवस्थापन आहे. पण ९ अंशांच्या साध्या पहाटे पत्र्याखाली खोकणाऱ्या माणसाला त्या रात्रीपुरती ऊब देणारे कोणी नाही. परंदवडीसारख्या गावात ग्रामसभेपुढे ठेवावा असा हा विषय आहे.

शाळेत काय करता येईल?

प्रयोगशाळेतले तीन साधे तापमापक घ्यावेत. एक शाळेबाहेर सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर टांगावा. दुसरा पत्र्याच्या खोलीत आणि तिसरा कौलारू किंवा स्लॅबच्या खोलीत, दोन्ही अंथरुणाच्या उंचीवर ठेवावेत. जवळ राहणाऱ्या मुलांनी आठवडाभर रात्री नऊ आणि पहाटे सहा वाजता नोंदी घ्याव्यात. तापमापक आधी एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून तिन्ही सारखेच दाखवतात ना, हे पाहून घ्यावे. मग आलेख काढावा आणि वर्तमानपत्रातला पुण्याचा आकडा त्याच्याशेजारी लिहावा.

दुसरे काम हजेरीपत्रकाचे. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या हिवाळ्यातल्या गैरहजेरीची यादी करावी. तीच ती नावे आली, तर पालकांशी आणि आशाताईंशी बोलावे. यादी वर्गात वाचून दाखवू नये.

तिसरे, रोजच्या लहान गोष्टी. परिपाठ उन्हात घ्यावा. दम्याच्या मुलाला नाकावर रुमाल किंवा मफलर बांधून धावू द्यावे, त्याची खेळाची तासिका कायमची बंद करू नये. औषध त्याच्या हाताशी असावे. सिकलसेलच्या मुलाला उबदार कपडे आणि थंडीतही भरपूर पाणी लागते. त्याला ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर शाळा सुटण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. आणि सर्व मुलांना एक सांगावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

पुढच्या वेळी कोणी पालक म्हणाले, ‘‘त्याला थंडी सोसत नाही,’’ तर त्यांना तीन प्रश्न विचारावेत. त्रास छातीत होतो की हाडांत? घर कशाचे आहे? आणि दवाखान्याचा कागद कुठे आहे? या तीन उत्तरांवरून चार दारांपैकी कोणते ठोठवायचे ते बहुधा ठरवता येईल.